काशीयात्रा

अकोल्याची मावशी (बायकोची, म्हणजे माझी अर्धी सासूच) डिसेंबरात नागपूरला आली की आमच्याकडे संत्र्यांआधी बागांचा बेत ठरतो. अंबाझरी, तेलंखेडी, जपानी गार्डन, महालातली तुळशीबाग. तिच्या पर्समध्ये नेलकटर, ओला फडका आणि दुधाच्या धुतलेल्या पिशव्या असतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, प्रवासात नखं मोडत असतील बिचारीची.

मावशी काड्या चोरते. तिचं शास्त्र पक्कं आहे: "इकत आणलेली मरते, मागून आणलेली रुसते, चोरून आणलेलीच जगते." त्यात माझं काम राखणीचं. 'फुले तोडू नयेत' ही पाटी मी इतक्या वेळा आणि इतकं मन लावून वाचली आहे की पुढे मला तिच्यावर परीक्षा द्यायची असावी, असं बघणाऱ्याला वाटेल.

महाराजबागेत तर तिला आवरणंच अशक्य. बाग भोसल्यांची, तिथलं प्राणिसंग्रहालय १८९४चं, वगैरे माहिती मी कौतुकाने देत होतो. नको तिथे पुढेही बोललो, की आता हे सगळं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे.

"म्हंजे आमच्या अकोल्याचं!" मावशीने पर्स उघडली. "मंग घरचंच झालं न जवाई. घरचं घेतलं तर चोरी कायची?"

गुलाबाला हात लावू नका, एवढंच मी विनवलं. मागे कुठल्याशा बागेतून तिने आणलेल्या दोन काड्या आठवड्यात काळ्या पडल्या. तिसरी मात्र फोफावली. राखणदाराला दिसू नये म्हणून ती तिने अगदी बुडातून काढली होती. आता बागेतला गुलाब म्हणजे रानटी खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरून केलेलं कलम. डोळ्याच्या खालून जे फुटतं ते खुंटाचं. वर्षभर आम्ही काट्यांना पाणी घातलं. फूल नाही, पण दोन सदरे फाटले.

गेल्या खेपेला शेवंतीवर नजर गेली. पिवळीधमक, गच्च. शेवंतीच्या बुडाशी फुटवे येतात, त्यांना काश्या म्हणतात. मावशी चपलेचा पट्टा नीट करायला म्हणून वाकली ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. मी पाटीपाशी. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"काका, काय करून राहिले इथं?"

सत्तावीस वर्षं बँकेत काढली, ऑडिटरसमोर कधी ततपप झालं नाही. इथे तोंडातून निघालं, "काशी..."

"काशीले चालले? कधी?"

"उद्याच," मावशी उठत म्हणाली. पर्स बंद झाली होती.

राखणदार भला माणूस. काशीला थंडी फार पडते, कानटोपी घ्या, असं त्याने दोनदा बजावलं. एवढ्यावर भागलं नाही. गंगेचं पाणी आणा म्हणाला. तेव्हापासून मी महाराजबागेवरून जात नाही; बर्डीला जायचं तर लांबून वळसा घालतो.

काशी मात्र जगली. पावसाळ्यात तर अशी माजली की कुंडी दिसेना. फक्त कळी धरेना. मावशीचा दर रविवारी फोन: "फुललं का? तुम्ही नीट राखण नसंन केली, त्याच्यानंच."

शेवटी एका माळ्याला विचारलं. तो म्हणाला, शेवंतीला लांब रात्र लागते. दिवस लहान झाले की मगच ती कळी धरते. आमच्या गॅलरीसमोर खांबावरचा दिवा. रात्रभर लख्ख. आमच्या शेवंतीच्या हिशेबी रात्र झालेलीच नव्हती.

म्हणून सध्या रोज संध्याकाळी सहाला मी कुंडीवर काळी गोधडी पांघरतो आणि सकाळी आठला काढतो. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "भाऊजी, पोपट पाळला काय?"

मी हो म्हणालो. आता त्या रोज त्याच्यासाठी हिरवी मिरची पाठवतात.