मागे फिरण्याचेही प्रशिक्षण हवे

आगीत एखाद्या अग्निशामक जवानाचा मृत्यू झाला की श्रद्धांजलीचे शब्द ठरलेले असतात. प्राणांची पर्वा न करता, कर्तव्यासाठी बलिदान, शौर्याची परिसीमा. या शब्दांमागची कृतज्ञता खरी असते, याबद्दल मला शंका नाही. परंतु हे शब्द एकदा उच्चारले गेले की त्यापुढचे प्रश्न विचारणे अनेकांना अनुचित वाटू लागते. तो जवान आत गेला तेव्हा आत कोणी जिवंत असण्याची शक्यता होती का? त्याच्या सिलिंडरमध्ये किती हवा उरली आहे, हे बाहेर कोणाला माहीत होते का? इमारत रिकामी करण्याचा आदेश कोणी द्यायचा हे ठरले होते का, आणि ज्याने तो द्यायचा त्या अधिकाऱ्याने असा आदेश देण्याचा सराव कधी केला होता का? आगीत शिरण्याचे शिक्षण प्रत्येक दलात दिले जाते. केव्हा बाहेर पडायचे आणि केव्हा मुळात आत शिरायचेच नाही, हे शिक्षण मात्र त्या मानाने उपेक्षित राहते, आणि ते तितक्याच गांभीर्याने दिले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरात ३ डिसेंबर १९९९ रोजी एका वापरात नसलेल्या शीतगृहाच्या इमारतीला आग लागली. इमारतीला खिडक्या जवळजवळ नव्हत्याच. भिंतींना आतून बुचाच्या आणि फोमच्या उष्णतारोधक थरांचे अस्तर होते आणि आतली रचना चक्रव्यूहासारखी होती. आत बेघर माणसे राहतात अशी माहिती मिळाल्याने जवान शोधासाठी शिरले. त्यांपैकी दोघे धुरात वाट चुकले आणि त्यांची हवा संपत आली. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी आणखी चौघे परतले नाहीत. त्या वेळी जिन्याच्या दारात उभे राहून मायकेल मॅकनॅमी या अधिकाऱ्यांनी पुढच्या जवानांना आत जाण्यापासून रोखले. ज्यांना आपले सहकारी आत आहेत हे ठाऊक होते आणि जे आत जायला उतावीळ झाले होते, अशा माणसांना त्यांनी अडवले. ज्यांच्यासाठी हा शोध सुरू झाला होता ते लोक आग लागल्यावर केव्हाच बाहेर पडलेले होते.

मॅकनॅमी यांच्या त्या कृतीला मी अग्निशमनाच्या इतिहासातील अत्यंत कठीण निर्णयांपैकी एक मानतो. असा निर्णय केवळ धीराच्या बळावर घेता येत नाही. त्यासाठी इमारत, धूर, हवा आणि वेळ यांचा हिशेब डोक्यात चालू असावा लागतो, आणि तो हिशेब आधी अनेकदा करून पाहिलेला असावा लागतो.

अडकलेल्या जवानाला सोडवायला बाहेर एक तुकडी सज्ज ठेवली की प्रश्न सुटला, असा समज बराच काळ होता. मार्च २००१ मध्ये ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात एका सुपरमार्केटच्या आगीत हवा संपून एक जवान मरण पावला. त्याला वाचवण्यासाठी गेलेल्यांपैकीही काही जण संकटात सापडले. त्यानंतर तिथल्या दलाने जे केले ते प्रत्येक दलाने अभ्यासावे असे आहे. त्यांनी मोठ्या इमारतींमध्ये अशा बचावाच्या चाचण्या वारंवार घेतल्या आणि निष्कर्ष स्वतःला न आवडणारे असूनही जगापुढे ठेवले. एका जवानाला बाहेर काढण्यासाठी सरासरी १२ जवान लागले. संकटाची हाक दिल्यापासून सुटकेपर्यंत सुमारे २१ मिनिटे गेली. बचावासाठी आत गेलेल्या दर पाचांपैकी एक जण स्वतःच अडचणीत आला. आणि त्यांच्या सिलिंडरमधली हवा प्रत्यक्ष श्रम करताना सुमारे १९ मिनिटेच पुरत होती. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की बचाव तुकडीवर विसंबून राहण्याला किती मर्यादा आहेत ते उघड होते. संकटात सापडलेल्या जवानाची हवा मदत पोहोचण्याआधी संपणार असेल, तर त्याचे खरे संरक्षण हे संकटात सापडण्यापूर्वी बाहेर पडण्यातच आहे.

म्हणूनच हवेचा हिशेब हा प्रशिक्षणाचा गाभा असला पाहिजे. श्वसनयंत्राच्या, म्हणजे दलात ज्याला बीए सेट म्हणतात त्याच्या, सिलिंडरवर लिहिलेली मिनिटे ठरावीक, मध्यम गतीने श्वास घेणाऱ्या माणसासाठी असतात. अंगावर जड पोशाख, हातात पाण्याने भरलेला होज आणि समोर उष्णता असताना माणूस कितीतरी जास्त हवा ओढतो. प्रत्येकाची गतीही वेगळी असते, आणि ती स्वतःची गती प्रत्येक जवानाला पूर्ण पोशाखात, थकवा येईपर्यंत काम करून, मोजलेली ठाऊक असली पाहिजे. हवा कमी झाल्याची घंटा वाजली की बाहेर पडायला सुरुवात करायची, ही जुनी सवय घातक आहे. घंटा वाजेल तेव्हा जवान बाहेर आलेला असावा, कारण तेवढी हवा चुकलेल्या वाटेसाठी, पडलेल्या छतासाठी आणि अडकलेल्या पायासाठी राखून ठेवायची असते.

मदतीची हाक देण्याबाबतही असेच. धुरात हरवलेला जवान बहुधा पहिली काही मिनिटे स्वतःच वाट शोधण्यात घालवतो. आपण हरवलो हे सहकाऱ्यांना सांगण्याची लाज वाटते, आणि अजून थोड्या वेळात दार सापडेल अशी आशाही असते. हा संकोच व्याख्यानाने जात नाही. मुखवट्याची काच झाकून, हातमोजे घालून, गुडघ्यांवर रांगत, गोंगाटात वॉकीटॉकीचे बटण चाचपून, मी कोण, कुठे, माझी हवा किती आणि मला काय हवे, हे स्पष्ट शब्दांत सांगण्याचा सराव इतक्या वेळा झाला पाहिजे की ती हाक विचार करण्याआधीच तोंडून निघावी. आणि अशी हाक देणाऱ्याची, नंतर ती अनावश्यक ठरली तरी, कोणी चेष्टा करणार नाही ही जबाबदारी दलातल्या ज्येष्ठांची आहे.

या सगळ्याची निकड वाढली आहे, कारण आग स्वतःच बदलली आहे. पूर्वी घरातील सामान लाकूड, कापूस, लोकर यांचे असे. आज गाद्या, सोफे, पडदे, विद्युत उपकरणे यांत पॉलियुरेथेन फोम आणि इतर प्लास्टिक ठासून भरलेले असते. अमेरिकेतील सुरक्षाविषयक चाचण्या घेणाऱ्या यूएल या संस्थेने जुन्या आणि नव्या पद्धतीच्या सामानाने सजवलेल्या सारख्याच खोल्या जाळून पाहिल्या. जुन्या खोलीत फ्लॅशओव्हर, म्हणजे खोलीतील जवळजवळ सगळेच एकदम पेट घेण्याची अवस्था, यायला सुमारे अर्धा तास लागला. नव्या खोलीत ती पाच मिनिटांच्या आत आली. इतक्या वेगाने वाढणारी आग बंद घरातली हवा लवकर संपवते, म्हणून जवान पोहोचतात तेव्हा ती पुष्कळदा हवेअभावी धुमसत असते आणि दार उघडताच तिला नेमके तेच मिळते जे तिला हवे असते. दार उघडणे हीसुद्धा हवा देण्याचीच कृती आहे, हे ज्याच्या अंगवळणी पडलेले नाही तो जवान आपल्याच हाताने आपला परतीचा मार्ग पेटवू शकतो. फ्लॅशओव्हरमध्ये सापडल्यावर उत्तमोत्तम पोशाखही काही क्षणांपुरताच उपयोगी असतो. धुराचा रंग, वेग, घनता, दारापाशी आत ओढली जाणारी हवा, छताखाली उतरत येणारा थर या खुणा वाचता येणे हीच तेथे सुरक्षितता आहे.

या खुणा शिकवण्यासाठी स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात जहाजी कंटेनरमध्ये नियंत्रित आग लावून, जवानांना खाली बसवून, डोक्यावर ज्वाला कशा सरकतात हे दाखवण्याची पद्धत विकसित झाली आणि पुढे ती अनेक देशांनी स्वीकारली. ती मला अत्यंत मोलाची वाटते. तरीही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कंटेनरमध्ये बहुधा लाकडी फळ्या जाळल्या जातात आणि त्यांची आग शिस्तीने वाढते. फोमने भरलेल्या खोलीतली आग तशी वागत नाही. हा फरक प्रशिक्षकाने स्पष्ट केला नाही, तर जवान खोटा आत्मविश्वास घेऊन बाहेर पडतो.

शिवाय प्रशिक्षणानेच जीव घेतल्याची उदाहरणे आहेत. १९८२ मध्ये कोलोराडोतील बोल्डर येथे सरावाच्या आगीत दोन जवान मरण पावले आणि त्यानंतर अमेरिकेत प्रत्यक्ष आगीच्या सरावासाठी एनएफपीए या तिथल्या अग्निसंरक्षण संघटनेचे १४०३ क्रमांकाचे मानक तयार झाले. मानक असूनही २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेअर्ड्सव्हिल येथे एका नवख्या तरुणाला सरावात अडकलेल्या व्यक्तीची भूमिका देऊन घरात ठेवले गेले आणि तो त्या आगीत मरण पावला. सरावात जिवंत माणसाला पीडित म्हणून ठेवू नये, हा नियम कागदावर होता. प्रशिक्षकाचे स्वतःचे प्रशिक्षण, त्याची पात्रता आणि त्याला सराव थांबवण्याचा असलेला अधिकार यांवर खर्च न करता केवळ सरावांची संख्या वाढवणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते.

सर्वांत उपेक्षित असते ते घटनास्थळी नेतृत्व करणाऱ्याचे शिक्षण. २००७ मध्ये साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे फर्निचरच्या दुकानाला लागलेल्या आगीत नऊ जवान मृत्युमुखी पडले, आणि नंतरच्या चौकशीत घटनास्थळावरील नेतृत्व आणि समन्वय यांतल्या गंभीर उणिवा समोर आल्या. अधिकारी नोझल हातात घेतो तेव्हा त्याचे धैर्य दिसते, परंतु त्या क्षणापासून इमारतीकडे कोणाचे लक्ष उरत नाही. कोण कुठे आहे, किती वेळ आत आहे, छत किती वेळ जळते आहे, ओतलेल्या पाण्याचा परिणाम दिसतो आहे का, ठरावीक मिनिटांनी हजेरी घेतली जात आहे का, हे पाहणारा एक माणूस बाहेर असलाच पाहिजे. जीव वाचण्याची शक्यता असेल तर मोठा धोका पत्करावा, फक्त मालमत्ता वाचणार असेल तर थोडा, आणि जे आधीच गेले आहे त्यासाठी अजिबात नाही, हे तत्त्व व्यवसायात सर्वमान्य आहे. ते पाठ असणे आणि जवान आत असताना, अपूर्ण माहितीवर, दोन मिनिटांत ते लागू करणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर संगणकावरील आभासी सरावाने, जुन्या दुर्घटनांच्या मांडणीने आणि मुख्य म्हणजे माघारीचा आदेश प्रत्यक्ष देऊन, तो किती मिनिटांत पाळला जातो हे मोजूनच कमी होते.

बाहेर पडल्यावरही धोका संपत नाही. अमेरिकेत कर्तव्यावरील मृत्यूंमध्ये आकस्मिक हृदयविकाराचा वाटा सर्वांत मोठा राहिला आहे, आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकांच्या कामात घातक घटकांशी येणाऱ्या संपर्काला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकले. आग विझल्यानंतर ढिगारा उपसताना मुखवटा काढणे, काजळलेला पोशाख तसाच गाडीत टाकणे, विश्रांती आणि तपासणीशिवाय पुन्हा आत जाणे, या सवयी मोडणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

यात बघ्यांचाही संबंध येतो. इमारत जळत असताना जवान बाहेर उभे दिसले की गर्दीतून आरडाओरडा होतो, चित्रफिती पसरतात आणि भेकडपणाचे आरोप होतात. त्या दबावाखाली एखादा अधिकारी ज्या इमारतीत कोणी उरलेले नाही तिच्यात माणसे पाठवतो, तेव्हा त्या निर्णयात गर्दीचाही वाटा असतो. बाहेरून पाणी मारणे हा पुष्कळदा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. दलाने तो त्याच वेळी प्रवक्त्यामार्फत लोकांना सांगितला पाहिजे, आणि वरिष्ठांनी नंतर त्या अधिकाऱ्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

अमेरिकेत १९९८ पासून निओश ही कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य यांवर काम करणारी सरकारी संस्था अग्निशामकांच्या मृत्यूंची स्वतंत्र चौकशी करते. दोष ठरवणे हा तिचा हेतू नसतो. घटनाक्रम, कारणे आणि शिफारशी असलेले तिचे अहवाल कोणालाही वाचता येतात. जिथे जिथे जवान आगीत जातात तिथे अशी चौकशी असावी, ती त्या दलाच्या बाहेरच्या तज्ज्ञांनी करावी आणि तिचा अहवाल सार्वजनिक व्हावा, ही माझी मागणी आहे. थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांचीही अशीच नोंद व्हावी, नोंद करणाऱ्याला शिक्षेची भीती नसावी, आणि नव्या भरतीतल्या प्रत्येक जवानाने पहिल्या खऱ्या आगीवर जाण्यापूर्वी हे अहवाल प्रशिक्षकासोबत बसून वाचलेले असावेत.