नाताळची खरेदी, मुलाला मध्ये न आणता

लहान मुलासाठी नाताळची भेट निवडताना सगळ्यांत मोठा अडथळा कुठला असेल, तर ते मूल. काय हवं म्हणून विचारायला जावं, तर ते सांगतं ‘चमचा’. किंवा ‘कुत्रा’. किंवा शेजारच्या पोराच्या हातात या क्षणी जे असेल ते. दोन वर्षांच्या माणसाला ना बाजार कळतो, ना ब्रँड, ना फोटोत मागं काय दिसतंय याचं भान असतं. तेव्हा आधीच ठरवून टाका की ही खरेदी मोठ्यांची आहे आणि मूल निमित्तमात्र. एवढं मनाशी पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं जातं.

बुटांपासून सुरुवात करू. भेटवस्तू आणि पादत्राणं यांचं नातं जुनं आहे. नेदरलँड्समध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला भेटी वाटायला सिंटरक्लास हा संत येतो म्हणून मुलं रात्री आपला बूट धुराड्यापाशी ठेवून झोपतात आणि सकाळी त्यात काहीतरी सापडतं. जर्मनीत ५ डिसेंबरच्या रात्री दाराशी बूट ठेवतात. म्हणजे मूळ कल्पनेत बूट हे भांडं होतं, भेट नव्हती. शिवाय तो मुलाचा रोजचा, वापरलेला बूट असे. आपण बरीच प्रगती केली. आता बूट हीच भेट असते, आणि वापरात येण्याआधीच ती लहान झालेली असते.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं जुने लोक म्हणत. आता दिसत नाहीत, कारण पाळण्यातही त्यांवर बूट असतात. जाड तळव्याचे, बाजूला लोगो असलेले, धावपटूंसाठी बनवल्यासारखे बूट. घालणाऱ्याला अजून कुशीवर वळता येत नाही ही गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाच्या पावलात २६ हाडं असतात. तान्ह्या बाळाच्या पावलात त्यांतली बरीचशी अजून हाडं झालेलीच नसतात, मऊ कूर्चेची असतात. त्यामुळे पाऊल दाबावं तसं दबतं आणि मूल कुरकुरतही नाही. याहून समजूतदार गिऱ्हाईक कुठल्या दुकानाला मिळणार? डॉक्टर मंडळी सांगत राहतात की चालायला लागेपर्यंत बुटांची गरज नाही, चालायला लागल्यावरही घरात अनवाणी असू द्या, तळव्याला जमीन लागली की तोल सावरायला आणि स्नायू बळकट व्हायला मदत होते. असेल. पण अनवाणी पायांचा फोटो टाकल्यावर कुणी कधी विचारलंय का, ‘अय्या, कुठून घेतले गं?’

पाऊल सपाट दिसतंय म्हणून घाबरून जाण्याचीही सोय आहे. लहानपणी तळव्याखाली चरबीची गादी असते, त्यामुळे बहुतेक मुलांची पावलं सपाटच दिसतात आणि कमान पुढे काही वर्षांत आपोआप तयार होते. हे कुणी सांगायच्या आत ‘कमानीला आधार देणारे’ बूट घेऊन टाका. पुढे कमान आली की श्रेय बुटांना देता येतं.

आता माप. शक्यतो घेऊच नका. घ्यायचंच झालं तर मूल झोपलेलं असताना घ्या. मूल उभं असलं की अंगाच्या भारानं पाऊल पसरतं, दोन्ही पावलं सहसा एकसारखी नसतात, दिवसभर हुंदडून संध्याकाळी ती थोडी फुगतात. म्हणून उभं करून, दिवसाच्या उत्तरार्धात, दोन्ही पाय मोजावेत, मोठ्या पायाचं माप धरावं, आणि सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडावी, असं जाणकार सांगतात. एवढ्या भानगडीत कोण पडतो? इथे सरळ दोन पक्ष आहेत. पहिला ‘वाढत्या अंगा’चा. हे लोक दोन वर्षं पुढचा बूट घेतात, पुढे कापूस कोंबतात, आणि पोरगं वर्षभर बदकासारखं चाललं की ‘स्टाईल आहे त्याची’ म्हणतात. दुसरा पक्ष ‘कसा फिट्ट बसलाय बघा’ म्हणणाऱ्यांचा. पहिली काही वर्षं पाऊल इतक्या वेगानं वाढतं की दर दोन-तीन महिन्यांनी माप पाहावं लागतं. त्यामुळे हा पक्ष जो बूट सवलतीत ऑक्टोबरमध्येच घेऊन कपाटात लपवतो, तो नाताळच्या सकाळी दोघांनी मिळून पायात ढकलावा लागतो. एक जण मूल धरतो, दुसरा बूट. मला व्यक्तिशः पहिला पक्ष जास्त आवडतो. त्यात निदान कापूस तरी मऊ असतो.

माप चुकू नये म्हणून माणसं कुठवर गेली, हेही जाता जाता पाहण्यासारखं आहे. १९२० च्या दशकापासून अमेरिका आणि ब्रिटनमधल्या बुटांच्या दुकानांत चक्क एक्स-रे यंत्रं असायची. मूल नवे बूट घालून लाकडी पेटीच्या फटीत पाय सरकवी आणि वरच्या झरोक्यांतून ते स्वतः, त्याची आई आणि विक्रेता बुटातली बोटांची हाडं बघत. मुलांना एवढी मजा वाटे की ती पुन्हा पुन्हा पाय घालत. किरणोत्सर्गाचं काय, हा प्रश्न नीट विचारला जाईपर्यंत काही दशकं गेली. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यानं या यंत्रांवर बंदी घातली आणि हळूहळू ती सगळीकडून हटली. दुकानदारांना मात्र कायमची शिकवण मिळाली, की यंत्र चकाकतं असलं की आई-बाप रांग लावतात. यंत्रं गेली, मग टाचेत दिवे आले. १९९० च्या दशकातल्या अशा काही बुटांत दिवा पेटवणाऱ्या कळीत पारा होता. आता पारा नसतो, नुसता दिवा असतो, आणि आठवड्याभरानं तो फक्त उजव्या पायाला लागतो. डाव्याचं काय झालं, हे मुलाला समजावून सांगण्यात उरलेली सुट्टी छान जाते.

नाडी घ्यावी की वेल्क्रो? जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून वेल्क्रोची कल्पना सुचली. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला स्वतःचे बूट स्वतः घालता येऊ लागले, आणि गाडी सुरू झाल्यावर मागच्या सीटवर ते स्वतः काढून खिडकीकडे भिरकावताही येऊ लागले. म्हणून नाडीच बरी. रोज सकाळी उशीर झालेला असताना त्याच्या पायाशी बसून दुहेरी गाठ मारावी लागली की तुमच्या अंगी नम्रता येते.

खेळण्यांकडे वळू. खोक्यावर वय छापलेलं असतं. ती तुमच्या घराण्याच्या बुद्धिमत्तेची परीक्षा समजा. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ एवढाच, की सामान्य मुलांसाठी नाही. तुमचा दीड वर्षाचा मुलगा वयाच्या मानानं खूप पुढे आहे, हे अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. खरं तर त्या इशाऱ्याचा संबंध डोक्याशी नसून घशाशी आहे. अमेरिकेत खेळण्याचे सुटे भाग तपासायला एक छोटं नळकांडं वापरतात, साधारण ३.२ सेंटिमीटर रुंदीचं. एखादा भाग न दाबता त्यात पूर्ण मावला, तर ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलासाठी बाद. मुलगा किती पुढे आहे, हे त्या नळकांड्याला कळत नाही. घशालाही कळत नाही.

बॅटरीच्या झाकणाला स्क्रू असतो, त्याचंही कारण असंच. बटणाएवढी चपटी बॅटरी मुलानं गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होते. नाताळच्या सकाळी तो स्क्रू सापडत नाही म्हणून चिकटपट्टी लावून मोकळे होणारे बाबा असतात. त्यांच्यावर विनोद करायला मला जमत नाही, म्हणून पुढे जातो.

‘शैक्षणिक’ हा शब्द खोक्यावर असला की पालकांच्या मेंदूला विश्रांती मिळते. १९५० मध्ये ए. सी. गिल्बर्ट या अमेरिकी कंपनीनं मुलांसाठी अणुऊर्जेची घरगुती प्रयोगशाळा बाजारात आणली. आत किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर, किरणोत्सर्गी कणांचा माग दाखवणारा मेघकक्ष आणि युरेनियमच्या खनिजाचे खरेखुरे नमुने. हल्लीचे शैक्षणिक खेळ त्यापुढे अगदीच मिळमिळीत. ते फक्त प्राण्यांचे आवाज काढतात आणि मध्येच कुठल्या तरी परक्या उच्चारात आकडे मोजतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दहा ते सोळा महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक घरी खेळताना काय बोलतात, हे ध्वनिमुद्रित केलं होतं. बोलणारं, दिवे लावणारं खेळणं असलं की पालक कमी बोलत आणि बाळही कमी आवाज काढे. पुस्तक समोर असलं की दोघांचं बोलणं वाढे. काही लोक याला खेळण्याचा दोष समजतात. मी म्हणतो, यासाठीच तर ते घ्यायचं! दिवसभर माणसांशी बोलून थकून घरी यायचं आणि पुन्हा ‘हत्ती कसा करतो?’ विचारत बसायचं? हत्ती करेल की स्वतःच.

किती घ्यावीत, यावर वाद नकोच. टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान मुलांना एकदा चार खेळणी देऊन पाहिली आणि एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. संशोधकांचं बरोबरच असेल, पण त्यांनी चार खोकी झाडाखाली मांडून फोटो काढून पाहिलेला दिसत नाही. केवढी मोकळी फरशी दिसते! नातेवाईक काय म्हणतील?

यंदा ‘तेच’ खेळणं हवं, ही ओढ मात्र मुलाची नसते. ती लावून द्यावी लागते. १९८३ च्या नाताळात कॅबेज पॅच किड्स या बाहुल्यांसाठी अमेरिकेतल्या दुकानांत मोठी माणसं एकमेकांवर तुटून पडली. १९९६ मध्ये गुदगुल्या केल्यावर हसणाऱ्या एल्मो या बाहुल्यासाठी तेच झालं. या झटापटीत मुलं नव्हती, ती घरी बहुधा उशीशी खेळत होती. त्यानंतर फर्बी हा बोलका, केसाळ बाहुला आला, आणि तो ऐकलेलं बोलून दाखवील या धास्तीनं अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं १९९९ मध्ये आपल्या इमारतीत त्याला मज्जाव केला. फर्बीला खरं म्हणजे काहीच ध्वनिमुद्रित करता येत नव्हतं. घरातलं बोलणं जसंच्या तसं बाहेर सांगायला चार वर्षांचं मूल पुरेसं असतं, आणि त्याला बॅटरीही लागत नाही.

भेट उघडली की रिकामं खोकं त्याच क्षणी फाडून टाका. हा मुद्दा कळीचा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी एक संग्रहालय आहे, तिथे थोर खेळण्यांना सन्मानानं स्थान देतात. २००५ मध्ये तो मान पुठ्ठ्याच्या खोक्याला मिळाला, २००८ मध्ये काठीला, २०११ मध्ये पांघरुणाला आणि २०२१ मध्ये वाळूला. यांतल्या एकाही वस्तूला वॉरंटी नाही. खोकं शाबूत राहिलं तर मूल त्यात जाऊन बसेल, त्याला बस म्हणेल, तुम्हाला तिकीट काढायला लावील, आणि महागडं खेळणं बाजूला पडून एकटंच गाणं म्हणत राहील. अशा वेळी आजी-आजोबांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. भेट त्यांनी आणलेली असेल, तर तुम्हाला बघायला हरकत नाही.

दुसऱ्याच्या मुलाला द्यायची भेट निवडताना मात्र मनापासून विचार करा. ढोल, शिट्टी, चमकीचा भुगा, जमिनीवर सांडलेला दिसत नाही इतका बारीक मण्यांचा संच. त्या मुलाला ते खरोखर आवडेल, हा यातला दुर्मीळ योगायोग. तिथून पुढच्या वर्षी काय येईल, याची मानसिक तयारी ठेवा.

आणि तुमच्याकडे आलेल्या, मुलानं ढुंकूनही न पाहिलेल्या भेटी माळ्यावर जपून ठेवा. वाढदिवस वर्षभर येतच असतात. वेष्टनावरची चिठ्ठी तेवढी नीट काढा, आणि जिनं ती भेट दिली होती त्याच आत्याच्या मुलाला ती परत जात नाही ना, हे एकदा तपासून घ्या.