शाफ्ट सरळ दिसतोय म्हणून थरथर जात नाही हो

निपाणीहून ज्यांनी लिहिलंय त्यांना हे उत्तर. चार ओळीत मावणारं नव्हतं म्हणून लांबलंय, आणि बाकीच्यांना काही कळावं म्हणून दादांचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. त्यांची जुन्या पद्धतीची जीप, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसीसला टांगणारी पट्टी) घालून मागून २ इंच उचललेली. गॅरेजवाल्यांनी वर आणि पाटा आणि हौसिंग (मागच्या ॲक्सलचा डबा) यांच्यामध्ये २ अंशाची पाचर घालून पिनियनचं नाक (हौसिंगचं पुढचं टोक, जिथं शाफ्ट जोडतात) उचललं. दादांनी मोबाईल लावून अँगल घेतले: गिअरबॉक्सचा आऊटपुट मागच्या बाजूला ३ अंश खाली, जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा) ९ अंश, पिनियनपण ९. म्हणजे शाफ्ट आणि पिनियन एकदम एका रेषेत. तरी ५५-६० च्या स्पीडला सीटखाली थरथर येतेय आणि मिस्त्री शाफ्ट बॅलन्स करायला पाठवतोय. आणि मी लिहिलं होतं की पिनियन गिअरबॉक्सला समांतर हवा, त्यावर दादा व्हिडिओ बघून म्हणतात की अमेरिकेतले सगळे पिनियन सरळ ट्रान्स्फर केसकडे (गिअरबॉक्सला लागून असलेला, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) बघेल असाच लावतात, तुम्ही पुस्तकातलं सांगून लोकांना घाबरवताय, आणि शेवटी आरटीओचं भ्या कशाला दाखवताय.

दादा, चिडू नका, तुमचं रीडिंग बरोबर आहे. त्या रीडिंगमध्येच तुमची थरथर बसलीय.

क्रॉस म्हणजे ज्याला युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात, तो वाकून फिरायला लागला की एक गंमत करतो. आत येणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर जाणारा एकसारखा राहत नाही, एका फेऱ्यात दोनदा तो थोडा पुढे पळतो आणि दोनदा थोडा मागे राहतो. वाक जितका जास्त तितका हा फरक जास्त. ६ अंशाला साधारण अर्धा टक्का इकडे-तिकडे, १० ला दीड टक्का, २० ला ६ टक्के. अर्धा टक्का म्हणजे काय मोठं, असं वाटतं, पण ६० च्या स्पीडला तुमचा शाफ्ट मिनिटाला २००० च्या आसपास फिरतोय, आणि दर फेऱ्याला दोन झटके म्हणजे सेकंदाला ६५-७० झटके, आणि पिनियन, क्राऊन, हौसिंग, पाटे सगळे ते खातायत.

आता यावर इलाज काय, तर शाफ्टला दोन क्रॉस असतात. पहिल्यानं जी गडबड केली ती दुसऱ्यानं उलटी करून मिटवायची. पण मिटणार कधी, तर दोन्हीकडचा वाक सारखा असेल तेव्हाच, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस ज्यात बसतो ती दुबेळकी) एका लायनीत असतील तेव्हाच. तुमचेच आकडे घ्या की. पुढचा वाक ९ वजा ३, म्हणजे ६. मागचा वाक ९ वजा ९, म्हणजे शून्य. पुढचा क्रॉस ६ अंशाची गडबड करतोय आणि मागे मिटवायला कोणीच नाही. शाफ्ट बॅलन्सच्या मशीनवर कितीही वेळा चढवा, तिथं तो सरळ फिरतोय, वाकून नाही, मग ते मशीन दाखवणार तरी काय? वर आणि शून्य अंशाला मागच्या क्रॉसच्या बेअरिंगच्या सुया जागच्या हलतच नाहीत, त्याच जागी दाब खाऊन कपात खड्डे पाडतात. थोडा तरी वाक, अर्धा-एक अंश, लागतोच.

चिकोडी-निपाणीकडच्या माणसाला हे मी वेगळं काय सांगू. ट्रॅक्टरचा पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट) चालू ठेवून रोटाव्हेटर वर उचलला की शाफ्ट कसा खडखडतो ते बांधावर उभं राहून सगळ्यांनी ऐकलंय. तिथंपण हेच, वाक वाढला आणि दोन्हीकडचा सारखा राहिला नाही.

मग अमेरिकेतले खोटे का? अजिबात नाही, फक्त त्यांच्या शाफ्टला ट्रान्स्फर केसकडच्या टोकाला एक नाही, दोन क्रॉस जवळजवळ बसवलेले असतात, त्याला डबल कार्डन म्हणतात, आणि ते दोघं तिथल्या तिथंच एकमेकांची गडबड बऱ्यापैकी मिटवतात. मग पिनियनकडच्या एकट्या क्रॉसला वाक जवळपास नकोच, म्हणून पिनियन शाफ्टच्या रेषेत. व्हिडिओ परत लावून त्या शाफ्टचं पुढचं टोक तेवढं बघा. तुमच्या जीपला दोन्हीकडे साधा एक-एक क्रॉस. त्यांचं सेटिंग आणि आपला शाफ्ट असा संकर चालत नाही.

आता शॅकलचं. गॅरेजवाले उचलायचं म्हटलं की शॅकल मारून सोडतात कारण स्वस्त पडतंय, पण १ इंच उचलायला शॅकल २ इंच लांब करावा लागतो, म्हणजे तुमच्या २ इंचाला पाट्याचा मागचा डोळा चेसीसपासून ४ इंच खाली गेला. पुढचा डोळा आहे तिथंच. मग सगळा पाटा मागे कलतो आणि त्याच्यावर बसलेल्या हौसिंगचं नाक ४-५ अंश आपोआप वर येतं. तुमचा पिनियन मुळात ३ च्या आसपास असणार, शॅकलनं ७ झाला, वर पाचर मारून ९. पाचर लागणारच होती, पण उलटी!

मला विचाराल तर लांब शॅकल काढून टाका आणि उंची पाट्याच्या कमानीतून घ्या. नवीन जास्त कमानीचे पाटे घातले की हौसिंग सरळ खाली जातं, पिनियन गिअरबॉक्सला समांतरच राहतो, दोन्हीकडचा वाक वाढतो पण सारखा वाढतो. लांब शॅकल ठेवायचेच असतील तर आत्ताची पाचर काढून ४ ते ५ अंशाची उलट्या बाजूनं, म्हणजे पिनियन २-३ अंशावर येईल. मी २ च्या बाजूला ठेवीन, कारण पाट्याच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि नाक थोडं वर येतंच, चोर्ला घाटाचा चढ लोडवर चढताना तर येतंच येतं. जाड बाजू कुठं ठेवायची ते पाटे हौसिंगच्या वर आहेत की खाली यावर: खाली असतील तर नाक उतरवायला जाड बाजू मागे, वर असतील तर जाड बाजू पुढे. इथंच निम्मी गॅरेजं चुकतात.

पाचर ॲल्युमिनियमची नको, पाट्याच्या हालचालीनं चुरा होऊन निघून जाते आणि मग यू बोल्ट (हौसिंगला पाट्याशी आवळणारे) ढिले. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही मिलिंगवाल्याला एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) पट्टीतून काढून द्या म्हणा. अंश त्याला सांगत बसू नका, मापात सांगा: १०० मिमी लांबीत ४ अंशाला दोन टोकांच्या जाडीत ७ मिमी फरक, ५ ला पावणेनऊ. सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधोमध जाणारा) लांब लागेल, त्याचं डोकं हौसिंगच्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे, नाहीतर ब्रेक दाबल्यावर हौसिंग सरकतंय. यू बोल्ट नवीन.

अँगल परत घेताना गाडी चारी चाकांवर, सपाट जागी. लिफ्टवर हौसिंग लोंबकळत असताना घेतलेलं रीडिंग काय कामाचं नाही. नाक हललं की शाफ्टपण थोडा हलतो, म्हणून तिन्ही रीडिंग परत घ्यायची. दोन्हीकडच्या वाकात अर्ध्या-एक अंशाचा फरक चालतो.

अजून एक, शाफ्ट बॅलन्सला नेला असेल तर त्याचा स्लिप जॉइंट (लांबी कमी-जास्त व्हायला दात्यांवर सरकणारा भाग) ओढून काढला असणार. परत घालताना एक दाता जरी इकडे-तिकडे झाला की योक लायनीत राहत नाहीत आणि मग सगळे अँगल बरोबर असूनही थरथर. दोन्ही भागांवर बाणाच्या खुणा असतात, आपल्याकडं जांबोटीच्या लाल मातीचा आणि ग्रीसचा इतका थर असतो की दिसत नाहीत, डिझेलमध्ये फडका बुडवून पुसा, समोरासमोर आहेत का बघा. नसतील तर हेच पहिलं करा, फुकटातलं आहे. आणि चेसीस जॅकवर उचलून हौसिंग लोंबू द्या, दाते आत किती राहतात बघा. नुसती टोकावर अडकली असतील तर शाफ्ट लांब करून घ्यायला लागेल, तो खर्च टाळू नका.

थरथर बॅलन्सची की अँगलची ते ओळखायला: ६० ला ॲक्सिलरेटर दाबून बघा, सोडून बघा. दाब बदलल्यावर थरथर बदलली तर अँगल किंवा झिजलेला क्रॉस. दाबा नाहीतर सोडा, त्या स्पीडला तेवढीच राहिली तर बॅलन्स किंवा टायर.

२०२० नंतरच्या थारवाल्यांनी पाचर शोधू नये, त्यांना मागे पाटेच नाहीत, कॉइल आणि लिंक आहेत. तिथं पिनियन लिंकच्या लांबीवर फिरतो, त्याचं कधीतरी वेगळं.

आरटीओचं भ्या मी दाखवत नाही, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, कंपनीच्या मापापेक्षा गाडी वेगळी करायला ते आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं ते अजून घट्ट केलंय. बेळगावची केए २२ नंबरची गाडी असो नाहीतर तुमची चिकोडीकडची केए २३, सारखंच. २ इंचाला कोण अडवत नाही हा तुमचा अनुभव असेल, पण अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिलं हेच बघतो.

पाचर फिरवल्यावर तिन्ही रीडिंग इथंच टाका, आणि पाटे हौसिंगच्या वर की खाली तेपण लिहा, तेवढं तुमच्या पत्रात राहून गेलंय.