सी-व्ह्यू तुमचा, विहीर आमची!

आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, फ्लॅटचा प्रकल्प येतोय. आम्ही नको म्हटलं की बिल्डर विचारतो, "विकासाला विरोध कशाला?" अहो, आधी गुणाकार करा! तीनशे फ्लॅट, घरटी चार माणसं, शहरी हिशेबाने माणशी 135 लिटर. झाले रोजचे 1,62,000 लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे सोळा टँकर, तरी थोडं उरतंच. रोज! खालच्या वाडीला नळयोजनेत माणशी 55 लिटर, तेही मे महिन्यात कागदावरच. मग पाणी आणणार कुठून? म्हणे, बोअर मारू. कुठे? सड्यावर, विहिरींच्या बरोबर डोक्यावर!

सडा म्हणजे यांच्या लेखी पडीक जमीन. अहो, तोच जांभा पावसाचं पाणी मुरवतो नि झऱ्यांना पुरवतो. त्यावर काँक्रीट ओतलंत की जुलैत पाणी थेट पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पऱ्या थेट भातात, आणि मार्चला विहिरीचा तळ दिसतो. वर सेप्टिक टँक! जांभ्याला भोकं असतात. टाकी पाझरली की मैला काय आभाळात जाणार?

20,000 चौरस मीटर बांधकामापासून पर्यावरण मंजुरी लागते ना? मग करा तुकडे: फेज एक, फेज दोन, प्रत्येक जेमतेम खाली. आणि मंजुरी घेतली तरी 2006च्या पर्यावरण अधिसूचनेत इमारतींना जनसुनावणी नाहीच! उरली ग्रामसभा. ती नेमकी भातलावणीच्या दिवसांत. कोरम, म्हणजे किमान हजेरी, नाही; सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागतच नाही. झाला ठराव!

आणि ब्रोशरवर काय, तर "निसर्गाच्या कुशीत". वर गावकरीच आडमुठे! ते सोळा टँकर कुठल्या विहिरीवर भरणार, तेवढं छापा की त्याच ब्रोशरवर.