विचार दडपल्याने मन शांत होत नाही

‘संकटकाळात नकारात्मक विचाराला मनात थाराच देऊ नये’ हे श्रद्धा आणि सकारात्मकतेविषयी वाचलेल्या एका लेखातील विधान मला पटले नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या 1987 सालच्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या लोकांच्या मनात तेच अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि माझा अनुभवही याहून वेगळा नाही. वडिलांचे आजारपण आणि माझी नोकरी सुटणे एकाच वेळी ओढवले, तेव्हा मी कित्येक आठवडे भीती नाकारत राहिले. दिवसभर हसतमुख असे, पण पहाटे तीनला दचकून जागी होई.

पुढे रोज ठरावीक वेळी शांत बसून, ‘मला वडिलांना गमावण्याची भीती वाटते आहे’ असे स्वतःशी स्पष्टपणे म्हणू लागल्यावरच प्रार्थनेत मन लागू लागले. श्वास सावकाश, लांबवत सोडण्याचाही उपयोग झाला, कारण उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित मंदावते. परिस्थिती लगेच बदलली नाही, हेही सांगायला हवे. लेखकाने सकारात्मकतेबरोबरच दुःखाला वाट करून देण्याविषयी चार ओळी लिहिल्या असत्या, तर आज अशाच अवस्थेत असलेल्या वाचकाला स्वतःची भीती हा श्रद्धेतील उणेपणा वाटला नसता.