सिंधुदुर्गात आजारी पडू इच्छिणाऱ्यांसाठी

आजारी पडण्याआधी स्थानिक पेपर वाचायची सवय लावून घ्या. जिल्ह्याची तब्येत किती ठणठणीत आहे ते तिथेच कळतं. अमुक यंत्राचं लोकार्पण, तमुक कक्षाचं उद्घाटन, रुग्णवाहिकेला हिरवा झेंडा, शिबिराचा शेकडो ग्रामस्थांनी घेतला लाभ. नियमाने वाचलंत तर निम्मं दुखणं घरीच पळेल.

शिबिरं चुकवू नका. तिथे बीपी मोजतात, साखर तपासतात, गोळ्यांची पुडी देतात आणि फोटो काढतात. साखर जास्त निघाली तर पुढे काय, हे मात्र विचारायचं नाही. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं.

फुरसं, म्हणजे आमच्याकडचा विषारी साप, चावून घ्यायचं असेल तर ओपीडीच्या वेळेत घ्या.

बाळंतपण नीट आखून करा. आमच्या वहिनीला ते जमलं नाही. आठव्या महिन्यात, ऐन रविवारी संध्याकाळी तिला रक्तस्राव सुरू झाला. रुग्णालयात सोनोग्राफीचं मशीन आहे हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, कारण लोकार्पणाचा फ्लेक्स अजून गेटवर होता, सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांसकट. मशीनच्या खोलीला कुलूप. सिस्टर बिचारी म्हणाली, "रेडिओलॉजिस्ट नाय ओ. आठवड्यातून एकदा येतत, ते पण इले तर." आता सोनोग्राफीचं बटण कुणीही दाबून चालत नाही. 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने मशीनची नोंदणी लागते आणि ते चालवायला पात्र डॉक्टरच लागतो. कायदा योग्यच आहे, लेकी वाचाव्यात म्हणून केलेला आहे. पण फीत कापणाऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं? मशीन घ्यायला पैसे मिळतात, पाटीला संगमरवर मिळतो, आणि माणूस मिळत नाही? गरोदर बाई स्ट्रेचरवर पडून छताकडे बघतेय आणि भिंतीवर 'यांच्या शुभहस्ते'! कसले शुभ आणि कसले हस्त! शेवटी आले ते दोन शब्द, जे इथल्या पोराटोरालाही पाठ आहेत: "गोव्याक न्हेवा."

तेव्हा बांबोळीचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी रुग्णालयाचा, रस्ता तोंडपाठ हवा. 2018 पासून गोव्याबाहेरच्यांना तिथे शुल्क पडतं, म्हणून पैसे गाडीतच ठेवा. यावर कुरकुर करायची नाही. त्यांनी आपल्या माणसांसाठी बांधलेलं रुग्णालय आपण वापरतो, आणि वर नाकही मुरडतो.

108 ला फोन जरूर लावा. 2014 पासून राज्यात ही सेवा आहे आणि गाडीवरची माणसं जीव तोडून धावतात. फक्त जवळची गाडी आधीच कुणाला तरी घेऊन बांबोळीला गेलेली असते. आमच्या वेळी तेच झालं, मग शेजाऱ्याची ओम्नी काढली.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पोरीच्या दाखल्यावर जन्मठिकाण गोवा.

आणि आता सरळच बोलतो. 1981 साली रत्नागिरीपासून वेगळा जिल्हा केला, तो दाखल्यासाठी बांबोळीला जायला? जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, चांगलंच झालं. पण त्याने तालुक्याच्या रुग्णालयातली रिकामी खुर्ची भरत नाही. डॉक्टर इथे टिकत नाहीत म्हणून ओरडता, तर त्यांच्या क्वार्टर्स पावसात आत जाऊन बघितल्यात कधी? कंत्राटी माणसाचा पगार वेळेवर काढलात?

आणि आपण तरी कुठले शहाणे! मतं मागायला आले की देवळाचा सभामंडप मागतो, रस्त्याचं डांबर मागतो, क्रिकेटच्या स्पर्धेला ट्रॉफी मागतो. डॉक्टर मागितलाय कुणी? लोकार्पणाला गर्दी आपलीच असते, टाळ्या आपल्याच, जेवणही आपणच हाणतो. पुढचं आमंत्रण आलं तर जा, पण खुर्चीत बसू नका. उभे राहा आणि मशीन चालवणार कोण, त्याची ऑर्डर निघाली का, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत नारळ फोडू देऊ नका.