मार्गदर्शन मागच्या बाकावरून

सहकारात तरुण का येत नाहीत, हा प्रश्न महाराष्ट्रात सध्या जवळजवळ प्रत्येक व्यासपीठावरून विचारला जातो. 2025 हे संयुक्त राष्ट्रांनी सहकार वर्ष म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी आणंदच्या त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा कायदा झाला आणि चर्चेला आणखी जोर आला. काही जण म्हणतात, पोरांना स्पर्धा परीक्षा आणि स्टार्टअप यांपलीकडे काही दिसत नाही. उलट बाजू विचारते, घराण्यांनी दारं आतून लावून घेतल्यावर पोरांनी यायचं कुठून? मी हे सगळं जर्मनीत बसून वाचते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण दोघंही पंचविशीतल्या माणसाबद्दल बोलतात आणि माझ्या मते तोवर उशीर झालेला असतो. सभासद घडतो तो चौदाव्या-पंधराव्या वर्षी.

असं मला वाटायला लागलं ते मुलाच्या शाळेमुळे. इथे अनेक शाळांत विद्यार्थ्यांच्या सहकारी संस्था चालतात, त्यांना 'श्युलरगेनोसनशाफ्ट' म्हणतात. मुलं थोड्या युरोंचा शेअर घेऊन सभासद होतात, प्रत्येकाला एकच मत. मग ती संचालक निवडतात, त्या संचालकांवर लक्ष ठेवणारी समिती वेगळी निवडतात आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरवतात. धंदा सुरू करण्याआधी त्याचा आराखडा सहकारी संस्थांच्या महासंघाकडे जातो, आणि वर्षाअखेरीस त्यांचाच माणूस हिशेब तपासायला येतो. गावातली एखादी सहकारी बँक किंवा दुसरी संस्था पालक म्हणून सोबत असते. कायद्याच्या दृष्टीने हा शाळेचाच उपक्रम, पण पैसा खरा असतो. तो बुडतोही.

आमच्या मुलांचा बुडाला. त्यांनी शाळेचं चिन्ह छापलेले स्वेटशर्ट मागवले. संख्या फार मोठी आहे हे मला यादी बघताच कळलं होतं, आणि मी सांगायला निघालेही होते. पालक बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मदतीला येतात. त्यांनी मला थांबवलं. "त्यांनी विचारलं तर सांगा," एवढंच म्हणाले. मुलांनी विचारलं नाही. निम्म्याहून जास्त माल पडून राहिला.

मग सभा झाली. खजिनदार मुलगी सोळा वर्षांची. तिने उभं राहून तोट्याचा आकडा वाचला, आवाज कापत होता, तरी पूर्ण वाचला. नववीतल्या एका मुलाने हात वर केला: एवढ्या रकमेच्या ऑर्डरवर दोन सह्या लागतात, इथे एकच कशी? सभागृह शांत. आम्ही मोठी माणसं मागच्या बाकावर बसलो होतो, कुणीही तिच्या मदतीला धावून गेलं नाही. ती म्हणाली, घाई झाली, चूक माझी. ते इतिवृत्तात लिहिलं गेलं. पुढच्या सभेत तिलाच पुन्हा खजिनदार निवडलं, आणि दुसऱ्या सहीशिवाय बँकेतून पैसे निघणार नाहीत असा ठराव झाला. सूचक तोच नववीतला मुलगा.

त्या संध्याकाळी मला काकांची सोसायटी आठवली. काका सातारा जिल्ह्यातल्या एका विकास सोसायटीचे, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचे, गटसचिव होते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर वार्षिक सभेला गेले आहे. सप्टेंबर संपायच्या आत सभा घ्यावीच लागते, म्हणून घेतलेली. अहवाल वाचायला सुरुवात झाली की मागून आवाज, "मंजूर, मंजूर!" ताळेबंद मंजूर, नफावाटणी मंजूर. समोर बसलेली माणसं अडाणी नव्हती. उसाच्या वजनातला काटा किलोभर जरी मारला तरी त्यांच्या लक्षात यायचं. पण भरल्या सभेत उभं राहून, आपल्याच भावकीतल्या चेअरमनला, वैर न धरता हिशेबातला प्रश्न विचारायचा, हे त्यांना कुणी कधी करायला लावलं नव्हतं. ती सवयीची गोष्ट आहे, आणि सवय लहानपणी लागते.

आपल्याकडे 'मार्गदर्शन' म्हटलं की भाषण. पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, तरुणांनी नोकरी मागणारे नव्हे तर देणारे व्हावं असं सांगितलं जातं, आणि आभारप्रदर्शन होऊन मांडव रिकामा होतो. भाषण करणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण त्या तासाभरात मुलांच्या हाती ना पैसा येतो, ना मत, ना सही करण्याचा अधिकार.

याहून वेगळं मार्गदर्शन आपल्या मातीत झालेलं आहे, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. 1959 च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. (कागदोपत्री ती सहकार कायद्याखालची संस्था नाही, 1966 मध्ये ती सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदली गेली, पण व्यवहाराचा आत्मा सहकाराचाच.) त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पा. बायका सुरुवातीला दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक जरा स्वस्तातला. बाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा, आणि हिशेब चोख लिहा. कुणाकडून देणगी घ्यायची नाही हेही ठरलेलं होतं. लाटणं बायकांच्याच हातात राहिलं आणि पुढे मालकीही त्यांचीच राहिली.

ज्यांच्या नावाचं ते नवं विद्यापीठ आहे त्या त्रिभुवनदास पटेलांनीही हेच केलं. 1949 साली आणंदला आलेल्या, तिथून कधी एकदा निघतो असं झालेल्या सत्तावीस वर्षांच्या व्हर्गीस कुरियनच्या हाती त्यांनी दूध संघाचा (पुढे तो 'अमूल' म्हणून ओळखला गेला) कारभार सोपवला आणि शेतकऱ्यांचं राजकारण स्वतःच्या अंगावर घेतलं. विद्यापीठातून व्यवस्थापक तयार होतील, ते हवेच आहेत. पण त्यांना सभेत प्रश्न विचारणारा सभासद विद्यापीठातून यायचा नाही.

"हे जर्मन खूळ आपल्याकडे नको," असं मला एका नातेवाइकाने फोनवर ऐकवलं. पण आपला सहकारच मुळात या वाटेने आला. मद्रास सरकारने पाठवलेल्या फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातल्या पतसंस्था पाहून 1890 च्या दशकात अहवाल दिला, त्याचं सार दोन शब्दांत सांगितलं जातं: राइफायझन शोधा. हा राइफायझन म्हणजे 1846-47 च्या उपासमारीत गावकऱ्यांना एकत्र करून धान्याची आणि पावाची सोय करणारा एका लहान गावचा महापौर. 1904 चा आपला पहिला सहकार कायदा त्याच विचारातून आला. मी राहते तिथून त्याचं गाव तासाभरावर आहे.

आणि आपल्या कायद्याने मुलांसाठी दार बंदही केलेलं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 22 प्रमाणे सभासद व्हायला करार करण्याइतकं वय लागतं, पण केवळ शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या हितासाठी काढलेल्या संस्थेला ती अट लागू नाही, असं परंतुक तिथेच आहे. 2013 मध्ये कलम 24-अ ने सभासदांच्या सहकार शिक्षणाची जबाबदारी संस्थांवर टाकली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्वावलंबी शिक्षण हेच ब्रीद मानून 'कमवा आणि शिका' उभं केलं, ते तर आमच्याच जिल्ह्यात. माझ्या शाळेतही संचयिका, म्हणजे मुलांची बचत बँक होती, ग्राहक भांडार होतं. फक्त त्या भांडाराची चावी सरांकडे असायची आणि हिशेबही सरच लिहायचे.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं नाही. खऱ्या सहकारी बँकांच्या सभांना इथेही पांढऱ्या केसांचीच गर्दी असते, आणि शाळेतल्या संस्था उत्साही शिक्षक बदलून गेला की मिटतात. पण एक फरक मोठा आहे. इथे प्रत्येक नोंदणीकृत सहकारी संस्थेला लेखापरीक्षण करणाऱ्या संघाचं सभासद व्हावंच लागतं, आणि लोकांचा त्या तपासणीवर विश्वास आहे. आपल्याकडे पतसंस्थेत ठेव अडकलेल्या आईबापांना मुलाच्या हाती सहकाराचा शेअर द्या असं सांगणं सोपं नाही. त्यांची भीती खरी आहे. म्हणूनच मुलांच्या संस्थेचा हिशेब बाहेरच्या माणसाने तपासलाच पाहिजे, नाहीतर सुरूच करू नये.

मी काकांना एवढंच सुचवलं. त्यांच्या सोसायटीने गावातल्या हायस्कुलाला पालक व्हायचं. देणगी द्यायची नाही, एक माणूस द्यायचा, महिन्यातून दोनदा, आणि वर्षातून एकदा लेखापरीक्षक. दुकान वह्यांचं असो की रोपवाटिकेचं, ते मुलं ठरवतील. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, पण पोरं पैसे घालवतील की." मी त्यांना स्वेटशर्टची गोष्ट सांगितली.

शाळेचं उत्तर अजून आलेलं नाही. परवा चुलतभावाने फोटो पाठवला: काका तालुक्याला जाऊन रोजकीर्द आणि खतावणी अशा हिशेबाच्या दोन कोऱ्या वह्या घेऊन आले आहेत.